अभ्यासिकेतले आठ लॅपटॉप : बॅटरीच्या नोंदी

9 मार्च 2025

पुण्यातल्या एका कंपनीने वापरातून काढलेले आठ लॅपटॉप काल पोचले. अकोल्यातल्या आमच्या वाचनालयाची अभ्यासिका वरच्या मजल्यावर आहे, डोक्यावर टिनपत्रे. तलाठी, पोलीस भरती, एमपीएससी करणारी पोरं सकाळी सहालाच जागा धरून बसतात. त्यांना हवाय तो ऑनलाइन सराव पेपर. अडचण एकच : लाइन गेली की पेपर मध्येच तुटतो. इन्व्हर्टरवर फक्त पंखे, दिवे आणि वायफायचा डबा चालतो. लॅपटॉपचे चार्जर त्यावर लावायला समितीची परवानगी नाही, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून कसोटी साधी ठेवली. सराव पेपर दोन तासांचा धरायचा. चार्जर काढून जो लॅपटॉप दोन तास टिकेल तो पास.

सगळ्यांच्या पाठीवर मार्करने 1 ते 8 आकडे टाकले. क्र. 8 चा चार्जर काढताच स्क्रीन काळी. बाकीचे निदान सुरू तरी राहतात.

11 मार्च

आज रिपोर्ट काढले. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ आणि पुढे तिरकी रेघ देऊन ‘बॅटरीरिपोर्ट’ असं टाइप केलं की ब्राउझरमध्ये उघडणारी एक फाईल तयार होते. त्यात तीन गोष्टी बघायच्या. डिझाइन कपॅसिटी म्हणजे बॅटरी कारखान्यातून निघताना ठरलेली क्षमता. फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज पूर्ण भरल्यावर किती मावतं ते. आणि सायकल काउंट. सायकल म्हणजे चार्जर किती वेळा लावला ते नव्हे. आज 60 टक्के वापरली, उद्या 40 टक्के, की मिळून एक सायकल.

कंपनीने विंडोज नव्याने टाकून दिल्यामुळे रिपोर्टमधला जुना इतिहास कोरा आहे. सायकलचा आकडा मात्र बॅटरीच्या स्वतःच्या चिपमध्ये असतो, तो शाबूत आहे.

यातले सहा एकाच मॉडेलचे, 2020 सालच्या एकाच खरेदीतले. डिझाइन 42,000 मिलीवॅट-अवर, म्हणजे 42 वॅट-अवर (10 वॅट ओढणारं मशीन एक तास चाललं की 10 वॅट-अवर खर्च). त्यातल्या दोघांचे आकडे बघून मी रिपोर्ट दुसऱ्यांदा काढला :

क्र. 2 : फुल चार्ज 23,900, म्हणजे 57 टक्के. सायकल 58.
क्र. 5 : फुल चार्ज 31,700, म्हणजे 75 टक्के. सायकल 431.

ज्याने सातपट जास्त काम केलं त्याची तब्येत चांगली. कंपनीच्या यादीत प्रत्येक मशीनपुढे विभाग लिहिलाय. क्र. 2 पुढे ‘रिसेप्शन’, क्र. 5 पुढे ‘सेल्स’. रिसेप्शनचा लॅपटॉप वर्षानुवर्षं टेबलावर, चार्जर कायम खोचलेला, बॅटरी कायम 100 टक्के. सेल्सवाला गावोगाव फिरला, रोज रिकामा झाला, रोज भरला.

दोन मशीनवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण कारण माहितीतलं आहे. लिथियम-आयन बॅटरीत ग्रॅफाइटच्या बाजूवर एक पातळ थर असतो. पहिल्याच चार्जिंगला तो बसतो, आणि तो बसावाच लागतो, कारण त्याच्यामुळेच आतलं द्रावण ग्रॅफाइटला भिडून नासत नाही. पण हा थर पुढेही सावकाश वाढत राहतो, आणि वाढताना ये-जा करणारं लिथियम गिळत जातो. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे समजावणं सोपं : बोअरच्या पाण्याने हंड्याला आतून क्षार धरतो तसंच. बॅटरी वापरा नाहीतर नुसती ठेवा, थर वाढतोच. तो भराभर वाढतो तो दोन गोष्टींनी : बॅटरी काठोकाठ भरलेली असली तर, आणि गरम असली तर.

रिसेप्शनवाल्याच्या नशिबी दोन्ही होतं.

15 मार्च

रिपोर्टवर विसंबायचं नाही म्हणून प्रत्यक्ष चाचणी. सगळ्यांचा ब्राइटनेस अर्ध्यावर, वायफाय चालू, डिस्कवरचा एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा. दर मिनिटाला टक्केवारी फाईलमध्ये लिहिणारी छोटी स्क्रिप्ट मागे चालू. मशीन साधारण 10 वॅट ओढतं.

क्र. 5 दोन तास पंचावन्न मिनिटं चालला आणि 6 टक्क्यांवर शिस्तीत झोपला.

क्र. 2 : 23,900 च्या हिशेबाने दोन तासांच्या पुढे जायला हवा होता. दीड तास झाला, स्क्रीनवर 34 टक्के, आणि पाच मिनिटांत पट्कन बंद. ‘बॅटरी कमी आहे’ अशी सूचनाही नाही. शेजारी बसलेला पोरगा म्हणाला, “भाऊ, चौतीस टक्के होतं ना? मंग बंद काऊन पडलं?”

त्याच्यासाठी म्हणूनच नंतर पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) चालू करून बघितलं, कारण तिथे बॅटरीचा व्होल्टेज सरळ फाईलमध्ये वाचता येतो. या पॅकमध्ये तीन सेल एकापाठोपाठ जोडलेले आहेत. निम्म्यापर्यंत व्होल्टेज सावकाश उतरत होता. चाळीस टक्क्यांनंतर मात्र व्हिडिओ सुरू केला की आकडा खाली आपटायचा आणि थांबवला की वर यायचा. सेल म्हातारा झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. जोर पडला की व्होल्टेज पडतो. तिघांपैकी एक जरी सेल सुमारे 3 व्होल्टच्या खाली गेला तरी संरक्षण सर्किट अख्खा पॅक तोडतं. बाकीच्या दोघांत किती शिल्लक आहे याला काही अर्थ उरत नाही.

मग टक्केवारी खोटी का? कारण ती मोजलेली नसते, हिशेबाने काढलेली असते. बॅटरीतली गेज चिप किती करंट आत गेला, किती बाहेर आला याचा जमाखर्च ठेवते. वर्षानुवर्षं चार्जरवर असलेल्या बॅटरीत ना काही गेलं ना काही आलं; चिपच्या वहीत जुनाच शिल्लक आकडा.

दुसरा पडताळा : भिंतीच्या सॉकेटला लावायचं एनर्जी मीटर आणलं. मशीन बंद ठेवून रिकाम्यापासून भरेपर्यंत किती वीज लागते ते बघायचं. चार्जरची गळती त्यात येतेच, त्यामुळे तो बॅटरीचा नेमका आकडा नव्हे, पण एकाच चार्जरवर मोजलं तर तुलना करता येते. क्र. 5 ने 0.039 युनिट घेतलं. क्र. 2 ने 0.021. गेज काहीही म्हणो, रिसेप्शनवाला सेल्सवाल्याच्या जेमतेम निम्मा आहे. (एवढ्या विजेचं बिल पैशांत येतं, रुपयांत नाही. समितीत कुणी विचारलं तर सांगायला.)

16 मार्च

क्र. 7 चा टचपॅड काल दाबला जात नव्हता. आज टेबलावर ठेवला तर एका कोपऱ्यावर डगमगतो. मागचे स्क्रू काढले. शेवटचा स्क्रू सुटताच तळाचं झाकण आपोआप दोन मिलिमीटर वर आलं. आत तीन चपट्या पिशव्या, म्हणजे तीन सेल; डावी-उजवी ठीक, मधली टम्म फुगलेली, वरचं चंदेरी आवरण ताणून गुळगुळीत झालेलं. तीच खालून टचपॅडला रेटत होती. आतल्या द्रावणाचं विघटन होऊन गॅस तयार होतो, आणि अशा बंद पिशवीत त्याला जायला वाट नसते.

चार्ज 20 टक्के होता हे बरं झालं. भरलेली फुगलेली बॅटरी जास्त धोक्याची. आधी कनेक्टर सोडवला. पॅक गोंदाच्या पट्टीने चिकटवलेला होता. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा नाही. पिशवीला टोचलं तर आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेते. जुनं प्लॅस्टिकचं कार्ड कडेने हळूहळू सरकवत नेलं, अर्धा तास गेला. पॅक कोरड्या वाळूत, पत्र्याच्या डब्यात, जिन्याखालच्या सावलीत. झाकण घट्ट लावलेलं नाही, गॅस कोंडायला नको.

ग्रंथपाल काकू म्हणाल्या, “उद्या कबाडीवाला येते, त्याले देऊन टाकू काय?” अजिबात नाही, काकू. तो हातोड्याने फोडेल.

22 मार्च

गेजला नव्याने हिशेब शिकवायचं काम आज आटोपलं. प्रत्येक मशीन 100 पर्यंत भरून दोन तास तसंच ठेवायचं, मग बंद पडेपर्यंत एका दमात रिकामं करायचं, थोडं थंड होऊ द्यायचं, पुन्हा न थांबता भरायचं.

क्र. 2 चा आकडा 23,900 वरून 17,200 वर आला. 41 टक्के. क्र. 4 चा उलटा, 22,000 वरून 27,400 वर चढला. म्हणजे बॅटरी सुधारली असं नाही. आधीचा अंदाज चुकलेला होता. जुना लॅपटॉप विकत घेताना नुसता रिपोर्ट बघून भाव ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

हा व्यायाम दर आठवड्याला करा असं सांगणारे भेटतात. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली ती सवय, बॅटरीला ‘मेमरी’ राहते म्हणून, म्हणजे सतत अर्धवटच वापरली तर ती तेवढीच चालते. लिथियमला त्याची गरज नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा, तेही गेजसाठी.

1 एप्रिल

पाडव्याची सुट्टी संपली. आज चार्जिंगची मर्यादा लावली. सहा जुळ्या मशीनमध्ये लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये सोय आहे : 80 टक्क्यांवर थांब. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये हेच बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, मिळतं. लिनक्सवर बऱ्याच मॉडेलना बॅटरीच्या फोल्डरमधल्या एका फाईलमध्ये आकडा लिहून भागतं.

80 वर थांबवलं तर लोडशेडिंगला पुरेल का, हा खरा प्रश्न. क्र. 5 मध्ये 31,700 चे 80 टक्के म्हणजे 25 वॅट-अवर, 10 वॅटने अडीच तास. क्र. 1 (29,800) ला दोन तास वीस मिनिटं. क्र. 4 काठावर पण पास. क्र. 3 (24,500) नापास होतो, त्याला 90 वर ठेवला. म्हणजे दोन तासांची कसोटी ठेवून मर्यादा परवडते. कुणाची बॅटरी मुळातच तासाभराची असेल तर मर्यादा लावू नका असं मी सांगेन. जे उरलंय ते वापरून टाकलेलं बरं.

क्र. 6 वेगळ्या जातीचा, जुना, बाहेरून काढता येणाऱ्या बॅटरीचा. त्यात असली सोय नाही. त्याच्या चार्जरला टायमरवालं सॉकेट लावलं; ठरलेल्या वेळेनंतर वीज बंद.

संध्याकाळपर्यंत तिघांनी तक्रार केली. “भाऊ, हे ऐंशीवरच अडकलं, पुढं चार्ज नाही होऊन राह्यलं.” चिठ्ठ्या चिकटवल्या : ‘80 वर थांबणे बरोबर आहे.’ तरी एकाने दुसऱ्याचा चार्जर लावून बघितलाच.

13 एप्रिल

ऊन सुरू झालं. दुपारी तीनला अभ्यासिकेत 41 अंश. कोविडच्या वेळची ताप मोजायची बंदूक कपाटात पडून होती, तिच्यात वस्तूचं तापमान मोजायचीही सोय आहे. चार्जरवर असलेल्या क्र. 3 च्या बुडाशी, बॅटरीच्या जागी : 49. टेबलाला रेक्झिन लावलेलं, हवा जायला जागाच नाही.

‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ नावाच्या, बॅटऱ्यांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर एक कोष्टक आहे, या विषयातलं बहुधा सगळ्यात जास्त उद्धृत होणारं. वर्षभर नुसती ठेवलेली बॅटरी : 25 अंशांत 40 टक्के भरलेली ठेवली तर वर्षाअखेर 96 टक्के क्षमता उरते, पूर्ण भरलेली ठेवली तर 80. आणि 40 अंशांत? 40 टक्के भरलेलीची 85, पूर्ण भरलेलीची 65. बारा महिने कुठेच 40 नसतं, अकोल्यातही नाही. पण एप्रिल-मे टिनाखाली आणि वर 100 टक्के चार्ज, हा मेळ वाईटच. थंड देशांसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत गोठणबिंदूखाली चार्ज करू नका असं ठळक छापलेलं असतं. ती चिंता आपल्याला नाही.

केलेले बदल : दुपारी बारा ते पाच सगळे लॅपटॉप तळमजल्यावरच्या वाचन कक्षात, कूलरच्या खोलीत, पण थेट झोतात नाही, दमट हवा पंख्यावाटे आत ओढली जाते. बुडाखाली लाकडी पट्ट्या. रात्रीचं कपाट, जिथे सगळे चार्जर खोचून दार लावलं जायचं, ते बंद. आता चार्जिंग सकाळी, दार उघडं ठेवून. टिनपत्र्यांना चुना मारायचं समितीने कबूल केलंय. तो बॅटरीसाठी नाही, पोरांसाठी, पण चालेल.

26 एप्रिल

क्र. 2 आणि 7 साठी नव्या बॅटऱ्या बघायला बाजारात. क्र. 8 चा पॅकही सोबत नेला होता. तो क्र. 6 च्या जातीचा : आत सहा दंडगोल सेल, 18650 मापाचे, म्हणजे 18 मिलिमीटर जाड, 65 लांब. बरीच वर्षं रिकामा कपाटात पडलेला असावा. सेल फार खाली गेला की आतलं तांबं विरघळू लागतं, आणि नंतर भरला तर शॉर्टची भीती. म्हणून चिप तो पॅक कायमचा कुलूपबंद करते. ते कुलूप आपल्या भल्यासाठी असतं.

दुकानदार म्हणाला, सेल बदलून देतो. काउंटरवर ठेवलेल्या सेलवर छापलेलं : 9900 एमएएच (मिलीअँपिअर-अवर). या मापाच्या चांगल्यात चांगल्या सेलची क्षमता 3500 च्या आसपास असते. 9900 छापायला शाई लागते, बाकी काही नाही. शिवाय खरे सेल टाकले तरी चिपच्या वहीत जुनाच हिशेब, बऱ्याच पॅकचं कुलूपही उघडत नाही. नको म्हटलं.

दुसऱ्या दुकानात क्र. 2 साठी सीलबंद पॅक मिळाला. पैसे देण्याआधी तिथेच बसवून रिपोर्ट काढायची अट घातली होती. सायकल 0. फुल चार्ज 36,000. डिझाइन 42,000. एकदाही न वापरलेली बॅटरी 86 टक्क्यांवर. खोक्यावरची तारीख तीन वर्षांपूर्वीची, आणि दुकानाचं गोदाम वरच्या मजल्यावर. सायकल शून्य म्हणजे नवी, असं धरणाऱ्याला हीच बॅटरी पूर्ण भावात मिळाली असती.

दुकानदार आधी कुरकुरला, मग मालकाने आतून दुसरी काढली : 43,100. नवी चांगली बॅटरी डिझाइनपेक्षा थोडी वर दाखवते, त्यात शंका घेण्यासारखं नाही. क्र. 7 ची त्याच लॉटमधली घेतली.

10 मे

दुपारी लाइन गेली ती दोन तास दहा मिनिटं. सात मशीन, सात पोरं, पेपर सुरू. क्र. 3 एक तास पन्नासला संपला. त्याचा पोरगा शेवटचे प्रश्न मोबाइलवर सोडवून मोकळा. बाकी सहा टिकले.

6 जुलै

पाऊस लागला. दुसरी फेरी. गेजला पुन्हा एक पूर्ण चक्र देऊन मगच आकडे घेतले. 80 वर अडवलेल्या मशीनला पूर्ण भरणं-रिकामं होणं कधी दिसतच नाही, त्यामुळे तिचा आकडा महिनोन् महिने तोच राहतो आणि आपण खूश होतो.

क्र. 5 : 31,700 वरून 31,300. क्र. 1 : 29,800 वरून 29,500. क्र. 2, नवी : 43,100 वरून 42,600. क्र. 3 : 24,500 वरून 23,100.

पहिल्या तिघांची उतरण गेजच्या चुकीत खपून जाईल इतकी छोटी. क्र. 3 ची नाही. तो 90 वर होता, आणि त्याला वापरणारा पोरगा खिडकीची जागा सोडायला तयार नसल्यामुळे एप्रिल-मे वरच्याच मजल्यावर होता. मूळची बॅटरीही थकलेली, त्यामुळे सगळा दोष उन्हाला देता येणार नाही. पण दिशा रिसेप्शनवाल्याचीच आहे.

13 जुलै

जुने पॅक आज गेले. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या घरगुती कचऱ्यात टाकायच्या नाहीत, वेगळ्या द्यायच्या. त्या परत घेऊन पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर. कागदावर सोपं. प्रत्यक्षात अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याची गाडी अकोल्यात येईपर्यंत थांबावं लागलं. कुरिअरने पाठवायचा विचारही केला नाही, फुगलेला पॅक तर नाहीच. क्र. 2 आणि 8 च्या पॅकच्या टोकांना इन्सुलेशन टेप लावली. क्र. 7 चा वाळूच्या डब्यासकट दिला. पावती फाईलला.

क्र. 8 बॅटरीशिवाय चार्जरवर चालतो, तो काकूंच्या टेबलावर पुस्तकांच्या यादीसाठी. क्र. 3 साठी पॅकचे पैसे समितीकडे मागितलेत, पुढच्या बैठकीत कळेल. क्र. 6 चं टायमर सॉकेट काल जळालं, 16 अँपिअरचं आणायचं आहे. तिसरी फेरी दिवाळीनंतर.